एक पान कोरं राहिलं : मिरजेच्या बॅचचे शेलापागोटे

केसपेपर

बॅचच्या ग्रुपवर परवा कुणीतरी विचारलं, 'ती वही अजून आहे का गं?' आहे. दोनशे पानी, पाठीला चिकटपट्टी, कव्हरवर जेन्शन व्हायोलेटचा डाग. पंचविशी उलटून गेली, चार घरं बदलली, वही बरोबर आली. ग्रुपवरच्या लोकांना सगळं पाठ आहे, म्हणून इथं ह्या फोरमवर लिहितेय. ज्यांनी हॉस्टेलचे दिवस काढलेत त्यांना आवडेल, आणि मला एक गोष्ट विचारायचीही आहे. ती शेवटी.

आम्ही १९९२ साली मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आलो. सीईटी नव्हती, बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळायचा. ७०:३० च्या हिशेबामुळं (७० टक्के जागा कॉलेजच्या भागातल्यांना, ३० टक्के बाकीच्या राज्याला) बहुतेक जण सांगली-सातारा-कोल्हापूर-सोलापूरकडचे, थोडे विदर्भ-मराठवाड्यातले आणि अखिल भारतीय १५ टक्क्यांतून आलेले, ज्यांना मिरज नकाशावर शोधावी लागली होती. पहिलं एमबीबीएस तेव्हा दीड वर्षाचं. साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, आणि १९९८ च्या फेब्रुवारीत निरोपाची रात्र.

त्या रात्रीसाठी शेलापागोटे लिहायचं काम माझ्याकडं आलं. नव्या पोरांना हा शब्द माहीत नसेल, त्यांच्याकडं फिशपाँड म्हणतात. ग्लोव्हजचं रिकामं खोकं महिनाभर मेसच्या दारात ठेवलं होतं. ज्याला ज्याच्याबद्दल काही सुचेल त्यानं चिठ्ठी टाकायची. मी त्या चिठ्ठ्यांवरून दोन ओळी जुळवायच्या आणि खाली चार वाक्यांत त्या माणसाचं चित्र काढायचं. नियम पहिल्या दिवशीच ठरवला होता : रंग, उंची, वजन, जात, गुण आणि प्रेमभंग यांवरची चिठ्ठी सरळ फाडायची. माणूस काय *करतो* त्यावर हसायचं.

थोडे नमुने.

पहिल्या डिसेक्शनला (शवविच्छेदनाला) जो धाडकन खाली आला, तो :
*टेबलावरती बॉडी एक, खाली मोजली तर दोन;*
*दुसरी उठुनी पाणी मागे, सर म्हणाले, 'ही कोण?'*
आज तो ऑर्थोपेडिक सर्जन आहे. फॉर्मॅलीननं डोळे झोंबले म्हणून पडलो, असं तो अजून सांगतो. टेबलाशी उभ्या असलेल्या आम्ही दहा जणांनी त्याचा चेहरा पाहिलाय, पण मित्र आहे, त्याचंच खरं.

व्हायवातला (तोंडी परीक्षेतला) आमचा नायक :
*कावीळ झाली, सूज आली, ताप का गेला वर?*
*एकच उत्तर सगळ्याला ह्याचं : 'मल्टीफॅक्टोरियल, सर!'*
मल्टीफॅक्टोरियल म्हणजे अनेक कारणांनी झालेलं. मेडिसिनच्या व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, 'फॅक्टर सांगा.' त्यानं सातपैकी सहा सांगितले आणि सातव्याला म्हणाला, 'सर, तो तुम्ही सांगाल म्हणून ठेवलाय.' पास झाला.

एक मुलगी होती, तिला शीर सापडायची. तान्ह्या बाळाची, उलट्यांनी सुकलेल्या म्हातारीची, दहा जणांनी आधी टोचून ठेवलेल्या हाताचीसुद्धा. रात्री तीन वाजता कुठल्याही वॉर्डातून मामा (वॉर्डबॉय) तिच्या दारावर टकटक करायचे. तिची ड्यूटी नसायची, तरी ती केसांना क्लिप लावत निघायची. बाळाच्या डोक्यावरची शीर शोधताना ती त्याच्याशी हळूहळू बोलायची, आणि आम्ही शपथेवर सांगतो, बाळ ऐकायचं.
*दहा जणांनी टोचुन झाले, आता करा एक काम :*
*मामा, तिला उठवून आणा, बाकी घ्या देवाचे नाम.*

आणि माझा सर्वांत आवडता. हा हॉस्टेलवर राहिलाच नाही. सतारमेकर गल्लीत खोली घेतली होती. मिरजेचे तंबोरे देशभर जातात, हे तुम्हाला माहीत असेल. ते ज्या भोपळ्यांचे बनतात, त्यांचे ढीग ह्याच्या खिडकीखाली वाळत पडलेले असायचे. खालचे कारागीर बोटानं टकटक करून भोपळा पारखायचे आणि हा वर बसून ऐकायचा. पुढं क्लिनिक्स सुरू झाली. छाती-पोटावर बोटं ठेवून ठोकायची, आवाज डल (बद्द) की रेझोनंट (घुमणारा) ते ओळखायचं. आम्हाला सगळं सारखंच ऐकू येई. हा मात्र यकृताची वरची कड पहिल्या आठवड्यात पेननं आखून मोकळा. आमच्या सरांनी तेव्हा वॉर्डातच ऑवेनब्रुगरची गोष्ट सांगितली : ऑस्ट्रियातल्या खानावळवाल्याचा मुलगा, बाप दारूची पिंपं ठोकून आत किती उरलीय ते बघायचा, ते पाहून मोठेपणी त्यानं छाती ठोकून बघायची पद्धत काढली आणि १७६१ मध्ये छापली. सर म्हणाले, 'त्याला पिंपं मिळाली, ह्याला भोपळे.'
*कुणी ठोकती भोपळा, कुणी ठोकती पोट;*
*ह्याला दोन्हींत कळते लगेच, कुठे आहे खोट.*
दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मृतीची मैफल असायची तेव्हा हा चिंचेखाली रात्रभर बसायचा आणि सकाळी तसाच ओपीडीत यायचा. चेहरा मात्र झोप झाल्यासारखा ताजा.

आता विचारायची गोष्ट. वहीत सगळे आहेत, फक्त रोल नंबर ६१ चं पान कोरं आहे. वर नंबर, खाली काही नाही. त्याच्याबद्दल एकही चिठ्ठी आली नव्हती. मी दोघातिघांना विचारलं, सगळे म्हणाले, 'चांगलाय. शांत असतो.' त्यावर दोन ओळी होईनात. निरोपाच्या रात्री मी त्याचं नाव गाळून पुढं गेले. तो चौथ्या रांगेत बसला होता आणि टाळ्या वाजवत होता. ते मला आजही बोचतं. बॅचचं कुणी इथं असेल तर त्याच्याबद्दल जे आठवेल ते लिहा, एक ओळ असली तरी चालेल.

अजून एक. खोक्यात एक चिठ्ठी कानडीत निघाली होती. आमच्यात कुणाला वाचता येईना. खाली नाव नाही. वहीत तशीच जपून ठेवलीय.

कृष्णाकाठ

किती सुंदर! मी डॉक्टर नाही, पण माझी आई सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होती, त्यामुळं इंटर्न लोकांची दुसरी बाजू आमच्या घरी रोज जेवताना ऐकायला मिळायची. सिस्टर लोकांनीही नावं ठेवलेली असत. एक होते 'सिस्टर-जरा'. त्यांचं प्रत्येक वाक्य 'सिस्टर, जरा...' असं सुरू व्हायचं. 'सिस्टर, जरा गॉज', 'सिस्टर, जरा हे बघता का', आणि एकदा घाबरून नुसतंच 'सिस्टर, जरा!' आईनं त्यांना पहिली प्रसूती करायला शिकवलं. बाळ रडल्यावर ते स्वतःही रडले. पुढं तज्ज्ञ झाल्यावर आईच्या निवृत्तीला आले आणि भाषणाला उभे राहिले. सुरुवात काय केली असेल? सगळ्या हॉलनं मिळून म्हटलं.

अबोली_बांबोळी

आम्ही गोवा मेडिकल कॉलेजवाले. सावंतवाडी, दोडामार्गकडचे पेशंट आमच्याकडंच यायचे, त्यामुळं मालवणी आपोआप शिकलो. आमच्या बॅचमध्ये एक फुटबॉलवेडा होता. सामन्याच्या दिवशी ड्यूटी बदलून द्यायचा आणि बदल्यात दोन रात्री करायचा. हिशेब इतका चोख ठेवायचा की शेवटी आम्हीच त्याचं देणं लागायला लागलो. अजून लिहा ना!

रानजाई

लेखन छान आहे, पण मी थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. आमच्या कॉलेजात (नाव लिहीत नाही) माझ्या रंगावरून फिशपाँड वाचला गेला होता. आठशे लोक हसले. वाचणारा माझ्याच प्रॅक्टिकल बॅचमधला. मी पुढची दोन वर्षं गॅदरिंगला गेले नाही. त्यामुळं तुमचा 'फाडायच्या चिठ्ठ्यां'चा नियम वाचून मी थांबले आणि तो परत वाचला.

केसपेपर

रानजाई, राग कसला. तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. तो नियम माझ्या डोक्यातून आला नव्हता. आमच्या हॉस्टेलच्या मावशी म्हणाल्या होत्या, 'पोरी, ज्याच्यावर हसणार त्याच्या आईला पुढच्या रांगेत बसलीय असं समज न् मग वाच.' त्या कसोटीला जी चिठ्ठी उतरली नाही ती गेली. तुमच्या बाबतीत जे झालं ते चूकच होतं.

आठ_फांद्या

मावशींचा विषय निघालाच आहे तर मला बोलायलाच हवं. वहीत माझं पान आहे, तिनं इथं टाकलं नाही, मीच टाकते :
*गच्चीवरती कपडे वाळती, त्यांना शिकवी अॅनाटॉमी;*
*टॉवेल पाठ करून बसला, परीक्षेला बसते मी.*
मला बसून वाचता येत नाही. गच्चीवर फेऱ्या मारत, मोठ्यानं. एक्स्टर्नल कॅरॉटिड ह्या मानेतल्या धमनीच्या आठ शाखा मी आठवडाभर घोकत होते. मावशी तिथंच गहू वाळवायच्या. एका संध्याकाळी मी फेरी संपवून जिन्याशी आले तर मागून आवाज, 'अगं, आठ म्हणतीस न् सातच झाल्या.' मोजल्या. ऑक्सिपिटल राहिली होती! युनिव्हर्सिटीच्या पेपरात तोच प्रश्न आला. निकाल लागला तेव्हा पहिला पेढा मावशींना दिला. मावशी म्हणाल्या, 'आठवी मी दिली, अर्धा पेढा आणि.'

६१ बद्दल : इंटर्नशिपला कॅज्युअल्टीत आम्ही एकत्र होतो. अथणी-कागवाडकडनं रात्री पेशंट यायचे, नुसतं कानडी बोलणारे. तेव्हा तो पुढं व्हायचा. दोन मिनिटं खाली वाकून बोलायचा, मग सरळ उभा राहून आम्हाला मराठीत सगळी हिस्टरी सांगायचा, तारीखवार. मला वाटायचं, थोडं शिकून घेतलं असेल.

छोटीगाडी

ह्या धाग्यासाठी आज सदस्य झालो. मी १९९२ च्याच बॅचचा, उमरग्याकडचा. घरी जायला तेव्हा मिरज-कुर्डुवाडी-लातूर नॅरोगेज होती. 'छोटी गाडी' हे माझं वहीतलं नाव, कारण मी कुठंही सावकाशच पोचतो.

६१ बद्दल मला एक ओळ नाही, बरंच लिहायचं आहे.

१९९३ च्या अनंत चतुर्दशीची रात्र. मिरजेची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, सगळं हॉस्टेल रस्त्यावर होतं. पहाटे आम्ही नाचून दमलेलो. सकाळी मेसच्या रेडिओवर भूकंपाची बातमी आली, किल्लारी, सास्तूर. सास्तूरला माझी आत्या. आमचं गाव जवळच. फोन लागत नव्हते. मी स्टँडवर गेलो, सोलापूरची गाडी धरली. खिडकीशी बसलो तर शेजारी ६१ येऊन बसला. हातात पिशवी, त्यात पाण्याची बाटली, चादर आणि मेसमधल्या चपात्या. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. आमची तोवर मैत्रीही नव्हती, प्रॅक्टिकलला टेबल एक होतं एवढंच.

सोलापूरपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. सांगतो, त्या दिवशी मला दुसरं कुणी चाललं नसतं. बोलणाऱ्या माणसाला मी सहन करू शकलो नसतो.

आमचं घर पडलं होतं, माणसं वाचली. आत्या गेली. तो चार दिवस राहिला. दगड उचलले, पाणी वाहिलं, माझ्या वडिलांच्या शेजारी झोपला. मग म्हणाला, 'मी पुढं जातो, तू ये सावकाश.' मी तीन आठवड्यांनी परतलो. खोलीत टेबलावर माझं हिस्टॉलॉजीचं जर्नल. राहिलेल्या सगळ्या स्लाइड्स काढलेल्या, गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलीनं, पेशी न् पेशी. सरांनी जर्नल चाळलं. त्यांना अक्षर कळलं नसेल असं होणार नाही. सगळ्या पानांवर सही करून दिली, वर बघितलंसुद्धा नाही.

हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण त्यानं कधी विषय काढला नाही. चिठ्ठी मी टाकायला हवी होती. माझी चूक आहे.

कळ_मारतीया

नमस्कार मंडळी. मी पाटण्याचा, सध्या पाटण्यातच आहे. मराठी टंकायला वेळ लागतोय, पण लिहितो. वहीतलं माझं पान :
*पाटण्याहुनी आला तेव्हा बोलत नव्हता अक्षर एक;*
*आता म्हणतो, 'कळ मारतीया, मामा जरा कंबर शेक!'*

हे शंभर टक्के खरं आहे. मी मराठी पेशंटकडून शिकलो, म्हणून माझं मराठी साठ वर्षांच्या आजारी माणसाचं आहे. दुकानात गेलो तरी 'बरं वाटंना झालंय' असंच तोंडातून निघायचं. सर म्हणायचे, तक्रार पेशंटच्या शब्दांत लिहा. पेशंट एकेक शब्द असा काढायचे की पुस्तकात सापडायचा नाही. पुस्तकात दुखण्याचे प्रकार चार-पाच : कॉलिकी, थ्रॉबिंग, शूटिंग, बर्निंग. मिरजेच्या ओपीडीत किती! कळ येते, ती थांबून थांबून. मुरडा आतड्याचा. चमक निघते ती पाठीतून पायात. गळू ठसठसतं, दाढ ठणकते. पोटऱ्यांना रग लागते, उसण भरते, मुंग्या येतात, तळपाय जळजळतात, जीव घाबरा होतो, पोटात कालवतं, डोकं भणभणतं. आणि सगळ्यांत अवघड : 'कसंतरी होतंय.' ह्याला मी पहिल्यांदा हसलो होतो. सर हसले नाहीत. म्हणाले, 'म्हातारा माणूस कसंतरी होतंय म्हणाला तर आधी ईसीजी काढ.' त्या दिवशी काढला. हार्ट अटॅक होता. अजून माझ्या ओपीडीत भोजपुरीत कुणी तसं म्हणालं की मी ईसीजी काढतो.

आता खरी गोष्ट. सगळ्यांना माहीत आहे की माझ्याकडं दुखण्याच्या शब्दांची एक छोटी वही होती, जी पुढं ज्युनिअर्सनी झेरॉक्स केली. ती मी लिहिलेली नाही. ती ६१ नं मला दिली होती. तो जत तालुक्यातला. घरी कानडी. मराठी त्यानं शाळेत शिकली, आणि मग हॉस्टेलवर आल्यावर इकडची बोली परत नव्यानं. ती वही त्यानं स्वतःसाठी केली होती. मला ळ म्हणता यायचा नाही, तो रोज संध्याकाळी मला 'कळ, गोळा, कावीळ, जळजळ' म्हणायला लावायचा. मी एकदा विचारलं, तू वर्गात का बोलत नाहीस? तो म्हणाला, 'मनात कानडीत येतं, मराठीत आणीपर्यंत विषय पुढं गेलेला असतो.'

केसपेपर

मी दोन दिवस काही लिहू शकले नाही. साडेपाच वर्षं एका वर्गात होतो. त्याची आई कुठली भाषा बोलते हे मी कधी विचारलं नाही, आणि 'शांत असतो' असं लिहून घ्यायला निघाले होते.

मग ती कानडी चिठ्ठी. फोटो टाकतेय. कुणाला वाचता येईल का?

कुंद्याच्या_गावचा

मी बेळगावचा, दोन्ही भाषा घरच्याच. अक्षर सुरेख आहे. दोन ओळी आहेत आणि जुळवलेल्या आहेत. वर लिहिलंय, 'जी सगळ्यांचं लिहिते तिच्यासाठी. तिचं कोण लिहिणार?' खालच्या ओळींचा मराठीत यमक साधायचा प्रयत्न करतो, मूळ जास्त गोड आहे :
*दुखते कुठे ते नंतर सांगा, आधी सांगा, 'जेवलात का?'*
*ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा हिचा पहिला प्रश्न हा!*

आठ_फांद्या

अगं! सर्जरीच्या वॉर्डात 'नील बाय माउथ'चा (तोंडानं काही द्यायचं नाही) बोर्ड लावलेल्या पेशंटला तू विचारलं होतंस! त्यानं बिचाऱ्यानं 'आता खातो' म्हणून लाडू काढला, आणि सिस्टर धावत आल्या. म्हणजे हा तिथं होता.

छोटीगाडी

तो ग्रुपवर नाही, पण माझ्याकडं त्याचा नंबर आहे. जतकडंच दवाखाना आहे. दर वर्षी ३० सप्टेंबरला फोन येतो. 'बरा आहेस ना' एवढंच विचारतो. तुला नंबर व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

केसपेपर

फोन लावला. त्यानं उचलला, मी नाव सांगितलं, आणि पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. ह्या वेळी मी थांबले. मग तो म्हणाला, 'जेवलीस का?'

पुढं तासभर बोललो. त्याच्या परवानगीनं ६१ चं पान आज भरलं. शाईचा रंग वेगळा दिसतो, असू दे.

*वर्गात बोलला एकच शब्द, हजेरीपुरता, 'यस सर';*
*बाकीचे सगळे लिहून ठेवले दुसऱ्यांच्याच वह्यांवर.*